मदत हवी आहे: बेसबॉलमध्ये पहिल्याच डावात 10 धावा गेल्या, तर पिचर (चेंडू टाकणारा) बदलायचा कधी?

9 ऑक्टोबर 2019, अटलांटा. घरचा संघ ब्रेव्ह्ज, पाहुणे कार्डिनल्स; मालिका 2-2, पाचवा सामना निर्णायक. पहिल्या डावातच कार्डिनल्स 10-0 पुढे, शेवटी 13-1 ने विजयी. घरच्याच प्रेक्षकांनी ब्रेव्ह्जची हुर्यो उडवली, आणि मला त्यांचा राग अगदी पटतो.

चाहत्यांचा एकच सूर असतो: ब्रेव्ह्जचा सुरुवातीचा पिचर फोल्टीनेविच, त्याला आधीच काढायला हवं होतं. पण दुसऱ्या सामन्यात त्यानेच 7 डाव एकही धाव दिली नव्हती! शिवाय कार्डिनल्सच्या मोलिनाचा साधा ग्राउंडर (जमिनीवरून आलेला फटका) ब्रेव्ह्जचा फील्डर फ्रीमनच्या हातून सुटला, तो काय पिचरचा दोष? कार्डिनल्सच्या एडमनच्या डबलनंतर (बॅटर दुसऱ्या बेसपर्यंत पोचतो असा फटका) 4-0 झालं, मग बदली पिचर फ्रीड आला आणि त्याने तिन्ही बेसेसवर धावपटू असताना समोरच्या पिचरलाच, फ्लॅहर्टीला, वॉक (चार खराब चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस) दिला.

रेकॉर्डिंग पाहिलंय, स्कोअरकार्डही वाचलंय. पण बुलपेनमध्ये (बदली पिचर वॉर्म-अप करतात त्या जागी) कोण कधी तयार होत होतं, हे त्यावरून कळत नाही. पिचरने किमान तीन बॅटर्सना खेळवायचंच, हा नियम 2020 चा, त्यामुळे ती अडचण नव्हती. मी क्रिकेटवाला, बेसबॉल तसा नवीन.

जाणकारांनो, निकाल बाजूला ठेवून सांगा: अशा सामन्यात फ्रीडला नेमक्या कोणत्या बॅटरपासून वॉर्म-अपला उठवायला हवं होतं, आणि रिलीव्हरला (बदली पिचरला) तयार व्हायला साधारण किती वेळ लागतो?