‘डिस्ट्रॅक्शन’साठी शब्द : विचलन, व्यवधान की आणखी काही?
(तिघांचा संवाद; ओनामा, दुसरा गिअर आणि शिरोरेखा ही त्यांची टोपणनावं.)

ओनामा
गाडीच्या माहितीपुस्तिकेत, चालक-प्रशिक्षणाच्या टिपणांत आणि गाडीच्या पडद्यावर उमटणाऱ्या इशाऱ्यांत ‘ड्रायव्हर डिस्ट्रॅक्शन’ (चालकाचं लक्ष गाडी चालवण्यावरून हटणं) वारंवार येतं. छापील मराठीत त्यासाठी विचलन, व्यवधान, अनवधान, एकाग्रताभंग, ‘लक्ष विचलित होणे’ असं सगळं सापडतं. कधी एकाच पुस्तिकेच्या तीन पानांवर तीन शब्द. यांतला कोणता पक्का करावा? आणि ‘टचस्क्रीन’ला ‘स्पर्शपटल’ म्हणावं का?

दुसरा गिअर
दुसऱ्या प्रश्नाचं आधी: टचस्क्रीनच ठेवा. शब्द रुळला आहे, वाचताना कोणी अडत नाही.

‘विचलन’ मात्र नको, आणि त्याला तांत्रिक कारण आहे. चालकाचं लक्ष किती ढळलं हे मोजायची एक नेहमीची रीत म्हणजे गाडी लेनमध्ये डावी-उजवीकडे किती सरकते ते पाहणं. त्या आकड्याला आडव्या स्थितीचं ‘प्रमाण विचलन’ (स्टँडर्ड डेव्हिएशन) म्हणतात आणि संख्याशास्त्रात हा शब्द पक्का आहे. मग वाक्य तयार होतं: ‘विचलनामुळे विचलन वाढले’. त्याहून वाईट म्हणजे, नजर रस्त्यावरून हटली की हे सरकणं वाढतं, पण नजर रस्त्यावर असून मन फोनवरच्या बोलण्यात गुंतलेलं असेल तर ते उलट कमी झाल्याचंही प्रयोगांत दिसतं. अशा ठिकाणी ‘विचलन घटले’ वाचणारा समजेल की चालक आता सावध आहे.

शिरोरेखा
‘व्यवधान’ही अडचणीचं. ‘वेळेचं व्यवधान ठेवा’ म्हणजे वेळेचं भान ठेवा. हिंदीच्या वळणाने लिहिलं की तोच शब्द अडथळा होतो. ज्या शब्दाचा अर्थ भानही होतो आणि भान जाण्याचं कारणही, तो सुरक्षेच्या मजकुरात ठेवू नये.

‘अनवधान’ शब्द म्हणून चांगला आहे, पण ‘अनवधानाने’ म्हणजे नकळत, चुकून. चालत्या गाडीत फोनवर संदेश लिहिणारा माणूस नकळत लिहीत नसतो. ‘दुर्लक्ष’ म्हटलं तर सगळा दोष एका माणसावर जातो.

नाम शोधण्यापेक्षा क्रियापद शोधावं असं माझं ठाम मत आहे. मराठीत लक्ष उडतं, ढळतं, गुंततं, वेधलं जातं. ‘लक्ष उडालं’ म्हटलं की उणीव चालकाची. ‘लक्ष ओढून घेतलं’ म्हटलं की ओढणारी वस्तू वाक्यात आणावीच लागते. ‘लक्ष विचलित झाले’ या वाक्यात मात्र चालकही नाही आणि वस्तूही नाही.

दुसरा गिअर
पटलं. क्रियापदांचा आणखी एक फायदा आहे. या क्षेत्रात धोक्याचे तीन प्रकार मानतात: डोळ्यांचा, हातांचा आणि मनाचा. तिन्हींसाठी साधं मराठी आहे: नजर हटणे, हात गुंतणे, मन गुंतणे. ‘दृश्य विचलन, हस्तचलित विचलन, बोधात्मक विचलन’ असं शब्दशः केलेलं वाचून प्रशिक्षकालाही काही बोध होत नाही. संदेश टाइप करताना तिन्ही एकदम घडतं. हँड्स-फ्री फोनवर हात मोकळे असतात, मन गुंतलेलंच राहतं. म्हणून ‘हँड्स-फ्री, म्हणजे सुरक्षित’ असं कुठे लिहिलेलं असेल तर ते खोडा.

ओनामा
पुस्तिकेत ‘ग्लान्स’ही आहे आणि त्याचे सेकंद दिलेले आहेत. ‘कटाक्ष’ चालेल का?

शिरोरेखा
कटाक्षात तिरपेपणा आणि भाव आहे. रोखून पाहण्याचा, रागाचा, लाडाचा असा कुठला तरी भाव त्यात येतोच. ‘दृष्टिक्षेप’ अहवालात ठीक. चालकासाठीच्या मजकुरात सरळ ‘नजर’: ‘एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त नजर पडद्यावर नको’.

दुसरा गिअर
त्या आकड्यांची पार्श्वभूमी लक्षात असू द्या, म्हणजे अनुवादात घोळ होणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत दोन वेगवेगळ्या मर्यादा आहेत: एका वेळची नजर साधारण २ सेकंदांपर्यंत, आणि एक काम पूर्ण करताना रस्त्यावरून हटलेल्या सगळ्या नजरांची बेरीज १२ सेकंदांपर्यंत. ‘एकूण’ हा शब्द गळला की ‘१२ सेकंद पडद्याकडे पाहता येते’ असा भयंकर अर्थ निघतो. ताशी १०० किलोमीटर वेगात दोन सेकंदांत गाडी सुमारे ५५ मीटर पुढे जाते. मीटरचा हा आकडा सेकंदांच्या शेजारीच छापा; सेकंद फार निरुपद्रवी वाटतात.

ओनामा
बटण, नॉब, स्विच, कळ यांचं काय? मूळ मजकुरात ‘फिजिकल कंट्रोल्स’ आहे. ‘भौतिक नियंत्रणे’ फार कृत्रिम वाटतं.

शिरोरेखा
‘खटका’ हा आपला जुना आणि नेमका शब्द. त्यात दाबल्याचा आवाज आहे आणि बोटाला मिळणारी पावतीही. फिरवायच्या बटणाला लोक ‘नॉब’च म्हणतात, तेच लिहा. सगळ्यांना मिळून ‘खरी बटणं’ म्हटलं तर सामान्य वाचकाला लगेच कळतं. ‘भौतिक’ नको.

दुसरा गिअर
इथे मला जरा लांब लिहायचं आहे, कारण टचस्क्रीनचा सगळा प्रश्न मराठीतल्या दोन क्रियापदांत मावतो: चाचपणे आणि दाबणे.

खऱ्या बटणावर ही दोन वेगळी कामं आहेत. नजर रस्त्यावर ठेवून बोटं आधी कड चाचपतात, तिसरं बटण आहे याची खात्री करतात आणि मग दाबतात. चाचपताना चूक झाली तरी काहीच घडत नाही. टचस्क्रीनवर बोट टेकलं की तेच दाबणं ठरतं. चाचपायची सोयच उरत नाही, म्हणून डोळे लागतात. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत, त्यामुळे कडही मिळत नाही. त्यात हात हवेत अधांतरी. खड्डा आला की बोट सरकून शेजारच्या चौकोनावर पडतं, मग चुकीचा पडदा उघडतो, मागे जायचं, पुन्हा शोधायचं. नजर एकदा हटण्याऐवजी चार-पाचदा हटते. दाबल्यानंतर पडद्याने उत्तर द्यायला वेळ लावला की माणूस पुन्हा दाबतो आणि चालू केलेलं बंद होतं.

तिसरा शब्दप्रयोग ‘हात बसणे’. नॉबवर काही आठवड्यांत हात बसतो. टचस्क्रीनवरही थोडा बसू शकतो, पण सॉफ्टवेअर अपडेटने जागा बदलल्या की बसलेला हात मोडतो. पुस्तिकेत म्हणूनच लिहावं: ‘अपडेटनंतर गाडी उभी असताना सर्व नेहमीची कामे एकदा करून पाहा.’

‘वि बिलागारे’ या स्वीडिश मासिकाने २०२२ मध्ये हे मोजलं. ताशी ११० किलोमीटर वेगात चार साधी कामं करायची होती. २००५ सालच्या बटणवाल्या व्होल्व्होत ती १० सेकंदांत, म्हणजे ३०६ मीटरांत झाली. सगळ्यांत मागे पडलेल्या नव्या गाडीत सुमारे ४५ सेकंद लागले, म्हणजे जवळजवळ १,३७० मीटर.

शिरोरेखा
‘चाचपणे’ आणि ‘चाचपडणे’ यांतही गल्लत नको. पहिल्यात जाणतेपणा आहे, दुसऱ्यात अंधारातली धडपड. बटण चाचपून सापडतं. मेन्यूत माणूस चाचपडतो.

दुसरा गिअर
नव्या गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या युरोपीय संस्थेने २०२६ पासूनच्या मूल्यमापनात इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदतीची हाक यांसाठी खऱ्या बटणांना गुण ठेवले आहेत. तो कायदा नाही, ताऱ्यांचं मूल्यमापन आहे. अनुवादात ‘बंधनकारक’ लिहू नका.

ओनामा
मग ‘वाहन चालवताना मोबाइल वापरू नये’ एवढं वाक्य पुरेसं नाही?

शिरोरेखा
नाही. जर्मनीत कार्ल्सरूहच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने २०२० मध्ये एक निकाल दिला. पावसात वायपरचा वेग टचस्क्रीनवरून बदलताना चालकाची गाडी रस्त्याबाहेर गेली होती. न्यायालयाने गाडीत पक्का बसवलेला टचस्क्रीनही इलेक्ट्रॉनिक उपकरणातच धरला. चालकाला २०० युरो दंड आणि एक महिना वाहन चालवण्यास बंदी झाली. म्हणून ‘मोबाइल’ऐवजी ‘मोबाइल किंवा गाडीतील पडदा’ लिहा, आणि ‘वापरू नये’ऐवजी काय करू नये ते सांगा: टाइप करू नये, यादी सरकवू नये, पत्ता भरू नये. पत्ता निघण्यापूर्वी भरावा.

ओनामा
शेवटचं. पडद्यावरचा इशारा सध्या असा आहे: ‘कृपया आपले लक्ष विचलित होऊ देऊ नका व वाहन चालविण्यावर लक्ष केंद्रित करा.’

शिरोरेखा
हा वाचायलाच नजर रस्त्यावरून काढावी लागेल! दोन शब्द पुरेत: ‘रस्त्याकडे पाहा’. ठळक अक्षर, जोडाक्षरं कमीत कमी, आणि सोबत आवाज.

दुसरा गिअर
दोन इशारे एकमेकांत मिसळू नका. युरोपीय संघाच्या नियमांत पेंगणाऱ्या चालकासाठीची सूचना वेगळी आणि नजर हटल्याची सूचना वेगळी. दुसरी जुलै २०२४ पासून नव्या मॉडेलांना लागू झाली: ताशी २० ते ५० किलोमीटर वेगात नजर खाली ६ सेकंद राहिली की, आणि ५० च्या वर ३.५ सेकंद राहिली की ती वाजते. दोन्हींना ‘चालक सतर्कता सूचना’ म्हटलं तर चालकाला थांबून विश्रांती घ्यायची की फक्त मान वर करायची, हे कळणार नाही. पहिलीला ‘झोपेचा इशारा’, दुसरीला ‘नजरेचा इशारा’ म्हणा.

आणि ‘व्हॉइस कमांड’च्या पानावर एक ओळ वाढवा. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशन या वाहतूक सुरक्षा संस्थेच्या २०१५ च्या अभ्यासात, बोलून दिलेली आज्ञा संपल्यावरही काही प्रणालींत मन पूर्ण मोकळं व्हायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागल्याचं दिसलं. ताशी ४० किलोमीटरला ते ३०० मीटर होतात. ओळ अशी चालेल: ‘वळणाआधी किंवा चौकाआधी तोंडी आज्ञा देऊ नका, सरळ, मोकळ्या रस्त्यावर द्या.’