शब्दचर्चा: कर्नलमधील ‘टायमर’ आणि ‘वॉचडॉग’

विचारणा

एआरएम प्रोसेसर असलेल्या एका छोट्या बोर्डासाठी लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, हार्डवेअर टायमर आणि वॉचडॉग (प्रणाली गोठली तर यंत्र रीसेट करणारे हार्डवेअर) यांची सोय कशी जोडावी, याविषयी मी मराठीत टिपण लिहीत आहे. ‘टायमर’साठी ‘कालमापक’ आणि ‘वॉचडॉग’साठी ‘पहारेकरी’ हे शब्द योजावेत असा विचार आहे. ते नेमके ठरतील का? शिवाय वॉचडॉगला ठरावीक काळाच्या आत जो संकेत द्यावा लागतो, ज्याला कोणी ‘किक’, कोणी ‘फीड’ तर कोणी ‘पिंग’ म्हणतात, त्या क्रियेला मराठीत काय म्हणावे?

उत्तर १

‘कालमापक’ हा शब्द अर्ध्याच कामाला पुरतो. लिनक्समध्ये टायमरच्या नावाखाली दोन वेगळी कामे येतात आणि त्यांची नोंदणीही वेगवेगळी करावी लागते. ‘क्लॉकसोर्स’ हा केवळ वाचायचा असतो: एक गणक (काउंटर) अखंड पुढे सरकत असतो आणि कर्नल त्याचा आकडा वाचून किती वेळ गेला ते ठरवतो. ‘क्लॉकइव्हेंट’ मात्र वेळ सांगत नाही. अमुक क्षणी मला जागे कर, असे त्याला बजावून ठेवायचे आणि तो क्षण आला की त्याने इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत, द्यायचा. पहिल्याला ‘कालमापक’ किंवा सरळ ‘घड्याळ’ म्हणावे, दुसऱ्याला ‘गजर’. ‘गजर लावणे’ हा प्रयोग घरोघरी रुळलेला असल्यामुळे वाचकाला वेगळी व्याख्या द्यावी लागणार नाही.

जुन्या यंत्रांत हा भेद झाकला जात असे. 1981 च्या आयबीएम पीसीमधील इंटेल 8253 ही चिप सुमारे 11.93 लाख हर्ट्झच्या स्पंदनांना 65,536 ने भागून सेकंदाला साधारण 18.2 वेळा इंटरप्ट देत असे, आणि ते इंटरप्ट मोजूनच डॉस वेळ ठेवत असे. म्हणजे गजर किती वेळा वाजला यावरून किती वाजले ते कळायचे. लिनक्सही बराच काळ सेकंदाला 100, पुढे 250 किंवा 1000 अशा नियमित ठोक्यांवर चालत होता. 2007 मध्ये आलेल्या 2.6.21 या आवृत्तीत क्लॉकइव्हेंटची मांडणी आली, आणि प्रोसेसर रिकामा असताना ठोके थांबवून केवळ पुढच्या कामाच्या वेळेचा एकच गजर लावणे शक्य झाले. त्यामुळे ‘टिक’ला ‘ठोका’ म्हणावे, पण ‘टायमर’ला ‘ठोका’ म्हणू नये. एआरएमच्या जेनेरिक टायमरमध्ये तर ही विभागणी हार्डवेअरमध्येच दिसते: सर्व कोअरना मिळून एकच कालगणना, आणि प्रत्येक कोअरला स्वतःचा गजर.

उत्तर २

‘पहारेकरी’विषयी माझा आक्षेप आहे. पहारेकरी फिरतो, पाहतो, काही वावगे दिसले तर हटकतो. हार्डवेअर वॉचडॉग यांतले काहीच करत नाही. तो आतल्या आत आकडा मोजत बसतो. मुदतीत संकेत आला तर मोजणी पहिल्यापासून सुरू करतो, आला नाही तर यंत्र रीसेट करतो. प्रणालीत काय बिघडले आहे याची त्याला गंधवार्ताही नसते. देखरेख त्याची नाही, हजर असल्याचे सांगण्याची जबाबदारी प्रणालीची आहे. म्हणून ‘वॉचडॉग’ हे नाव तसेच ठेवावे, ‘टाइमआउट’ला ‘मुदत’ आणि संकेत देण्याला ‘हजेरी देणे’ म्हणावे, असे सुचवतो.

‘हजेरी’चा आणखी एक लाभ आहे. हार्डवेअरचे चालक (ड्रायव्हर) लिहिणारे नवखे लोक पुष्कळदा टायमरच्या इंटरप्टमधूनच वॉचडॉगला संकेत देतात. बाकीची प्रणाली गोठली तरी इंटरप्ट येत राहू शकतात, त्यामुळे वॉचडॉग कायम समाधानी राहतो. वर्गात नसलेल्या मित्राची हजेरी दुसऱ्याने लावावी, तसा हा प्रकार आहे. हजेरी खऱ्या कामाच्या वाटेवरून यावी यासाठीच लिनक्सने ती सोय ‘/डेव्ह/वॉचडॉग’ या फाइलद्वारे वापरकर्त्याच्या बाजूच्या प्रक्रियेकडे सोपवली आहे. ती फाइल उघडली की मोजणी सुरू होते, आणि बहुतेक चालकांत बंद करण्यापूर्वी इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर लिहिले नाही तर मोजणी थांबत नाही. ‘नोवेआउट’ हा पर्याय निवडला असेल तर ते अक्षर लिहूनही सुटका नाही.

उत्तर ३

‘हजेरी’ऐवजी ‘मुदतवाढ’ का नको? कार्यालयीन मराठीत तो शब्द अधिक रूढ आहे आणि वाक्यातही सहज बसतो.

उत्तर २ देणाऱ्याचा खुलासा

मुदतवाढ उरलेल्या मुदतीत भर घालते. वॉचडॉगमध्ये उरलेला काळ रद्द होऊन पूर्ण मुदत नव्याने सुरू होते. पंधरा सेकंदांपैकी दहा शिल्लक असताना संकेत दिला तर पंचवीस होत नाहीत, पुन्हा पंधराच होतात. दुसरे असे की ‘विंडो’ प्रकारच्या वॉचडॉगमध्ये फार लवकर आलेला संकेतही दोष मानला जातो आणि यंत्र रीसेट होते, कारण वेड्यासारखा एकाच चक्रात फिरणारा प्रोग्रामही भराभर संकेत देऊ शकतो. अवेळी दिलेली हजेरी नाकारली गेली, हे वाक्य कळते. अवेळी मागितलेल्या मुदतवाढीबद्दल यंत्र रीसेट झाले, हे विचित्र वाटते.

उत्तर ४

टिपणकर्त्याने एका घोळाकडे लक्ष द्यावे. लिनक्स कर्नलमध्ये ‘वॉचडॉग’ नावाने वेगळ्याच दोन गोष्टीही वावरतात. एक म्हणजे लॉकअप शोधणारी यंत्रणा: एखादा प्रोसेसर कर्नलमध्येच अडकून इतर कामांना वाव देईनासा झाला, तर मूळ मांडणीत सुमारे 20 सेकंदांनी ती ‘सॉफ्ट लॉकअप’ची नोंद करते. दुसरी क्लॉकसोर्सचा वॉचडॉग. एका घड्याळाचा वेग दुसऱ्याशी ताडून पाहणे आणि तफावत मोठी निघाली तर पहिल्याला अविश्वसनीय ठरवणे, हे त्याचे काम. एक्स86 यंत्रांवर टीएससी हा प्रोसेसरमधला गणक कधी कधी अशाच तपासणीत बाद होतो. हा दुसरा खरोखरच पाहतो आणि पडताळतो, तेव्हा ‘पहारेकरी’ हवाच असेल तर तो येथे वापरावा. मला ‘पडताळणी’ अधिक आवडेल. लॉकअपच्या यंत्रणेला ‘गोठणशोधक’ वगैरे घडवलेले नाव देण्यापेक्षा ‘लॉकअप डिटेक्टर’च राहू द्यावे.

आणि ‘सपोर्ट’चे ‘समर्थन’ करू नका. कर्नल वॉचडॉगचे समर्थन करतो, असे वाचले की तो सभेत भाषण करत असल्याचा भास होतो, त्यातून ‘कर्नल’ म्हणजे लष्करी अधिकारीही. विचारणेत ‘सोय’ हा शब्द आलाच आहे, तोच शेवटपर्यंत ठेवावा.