‘नेट झिरो’साठी ‘निव्वळ शून्य’ हा शब्द पुरेसा आहे का?

प्रश्न

आमच्या तालुक्यातील विज्ञान मंडळासाठी हवामानबदलावर एक मराठी पुस्तिका तयार होत असून तिच्या भाषेचे काम माझ्याकडे आहे. भारताने १ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगो येथील संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत २०७० पर्यंत ‘नेट झिरो’ गाठण्याचे जाहीर केले. हीच गोष्ट मराठीत कधी ‘शून्य उत्सर्जन’, कधी ‘निव्वळ शून्य’, तर कधी ‘कार्बनमुक्त भारत’ अशी वाचायला मिळते. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का, आणि चालत नसतील तर पुस्तिकेत कोणता घ्यावा?

प्रतिसाद

मुळीच चालणार नाहीत, कारण तिन्ही शब्दांतून देशाने काय करायचे आहे याची तीन वेगळी चित्रे उभी राहतात. ‘शून्य उत्सर्जन’ म्हणजे हरितगृह वायू (कार्बन डायऑक्साइड, मिथेन असे उष्णता अडवून ठेवणारे वायू) हवेत जाणेच थांबले, आणि भाताची खाचरे व रवंथ करणारी जनावरे आहेत तोवर मिथेन बाहेर पडतच राहणार असल्याने कोणत्याही शेतीप्रधान देशाला हे शक्य नाही. ‘नेट झिरो’चा अर्थ असा की हवेत जितके वायू सोडले, तितकेच जंगल, माती किंवा यंत्रे यांच्या साहाय्याने हवेतून काढून घेतले आणि वजाबाकी शून्य आली. २०१५ च्या पॅरिस कराराच्या चौथ्या कलमात या शतकाच्या उत्तरार्धात साधायचा जो समतोल सांगितला आहे, तो हाच. ‘कार्बनमुक्त’ हा शब्द तर पुस्तिकेत येऊच नये असे मला वाटते. तंटामुक्त गाव, टँकरमुक्त जिल्हा अशा मोहिमांमुळे ‘मुक्त’ लिहिण्याची आपल्या हाताला सवय झाली आहे, पण ज्या मूलद्रव्यावर सगळी जीवसृष्टी उभी आहे, त्यापासून कोणाला मुक्त व्हायचे आहे?

आता ‘निव्वळ’विषयी. या शब्दाचे मराठीत दोन अर्थ रूढ आहेत आणि अडचण तिथेच आहे. ‘निव्वळ योगायोग’, ‘निव्वळ थापा’ यांत तो ‘केवळ’ या अर्थाने येतो, तर ‘निव्वळ नफा’, ‘निव्वळ वजन’ यांत ‘वजा जाता उरलेले’ या अर्थाने. ज्याने हिशेबातला अर्थ मनात धरलेला नाही, तो ‘निव्वळ शून्य’ वाचून ‘शून्याखेरीज काहीही नाही’ असे समजेल, म्हणजे पुन्हा ‘शून्य उत्सर्जन’पाशीच जाऊन पोहोचेल. यावर उपाय सहकारी बँकांच्या वार्षिक अहवालांत तयार आहे. तिथे ‘ढोबळ’ आणि ‘निव्वळ’ एनपीए (थकीत कर्जे) शेजारीशेजारी छापलेले असतात, त्यामुळे काहीतरी वजा झाले आहे हे सभासदाला न सांगता कळते. भारताने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या २०२० सालच्या हिशेबात देशाचे ढोबळ उत्सर्जन सुमारे २,९५९ दशलक्ष टन होते, वने आणि जमीनवापर यांनी त्यातले सुमारे ५२२ दशलक्ष टन शोषून घेतले, म्हणून निव्वळ उत्सर्जन सुमारे २,४३७ दशलक्ष टन राहिले. (हे टन सर्व वायूंचे, कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत रूपांतर करून घेतलेले आहेत.) पुस्तिकेत हे तीन आकडे ओळीने द्या, ‘निव्वळ’ची वेगळी व्याख्या करावी लागणार नाही, आणि किती मोठी वाट अजून चालायची आहे हेही दिसेल.

दुसरा प्रतिसाद

‘निव्वळ’ संदिग्ध असेल तर ‘नक्त’ का घेऊ नये? ‘नक्त मूल्य’ हा शब्द बँकिंगमध्ये रुळलेला आहे आणि त्याला ‘केवळ’ असा अर्थ चिकटलेला नाही.

प्रतिसाद

अचूकतेच्या दृष्टीने आपली सूचना बरोबर आहे. मात्र बँकेच्या कागदांबाहेर हा शब्द फारसा कोणाच्या बोलण्यात नसतो आणि जुन्या पिढीला ‘नक्त’ म्हटले की दिवसभर उपवास करून रात्री जेवण्याचे व्रत आठवते. गावातल्या वाचकासाठी ‘निव्वळ शून्य उत्सर्जन’ असा पूर्ण शब्दप्रयोग ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘नेट झिरो’ही लिहावे, कारण बातम्यांतून त्याच्या कानावर तोच शब्द पडलेला असतो.

तिसरा प्रतिसाद

‘कार्बन’ऐवजी ‘कर्ब’ लिहिल्यास शेतकरी वाचकाला विषय जवळचा वाटेल. मातीपरीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ हा रकाना असतोच, आणि तो आकडा वाढावा म्हणून आम्ही शेणखत व हिरवळीची खते घालतो. हवेतला कर्ब कमी करायचा आणि मातीतला वाढवायचा, हे वाक्य आमच्याकडे सहज कळते. एक पथ्य मात्र पाळावे. मिथेन आणि रासायनिक खतांतून निघणारा नायट्रस ऑक्साइड हेही हरितगृह वायू असल्याने एकंदर उत्सर्जनाला ‘कर्ब उत्सर्जन’ म्हणू नये. देशाच्या २०२० सालच्या ढोबळ उत्सर्जनात सुमारे १४ टक्के वाटा एकट्या शेतीचा होता आणि तो जवळजवळ सगळा या दोन वायूंचा आहे.

प्रश्नकर्ता

‘कर्ब’ची सूचना स्वीकारतो. आणखी एक शंका आहे. देशातील निम्मी वीज आता कोळशाविना होते, असे वाक्य मसुद्यात आले आहे आणि त्याला २०२५ च्या सरकारी घोषणेचा आधार दिला आहे. ते बरोबर आहे का?

प्रतिसाद

ते चुकीचे आहे, आणि ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर पुस्तिकेत एक परिच्छेद खर्च करावा अशी माझी विनंती आहे. घोषणा ‘स्थापित क्षमते’ची होती. जून २०२५ अखेर देशातील सुमारे ४८५ गिगावॉट स्थापित क्षमतेपैकी निम्म्याहून किंचित जास्त क्षमता जीवाश्म इंधनाशिवाय (म्हणजे कोळसा, तेल, नैसर्गिक वायू यांच्याशिवाय) चालणारी झाली, आणि २०३० साठी ठेवलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधी पूर्ण झाले. ही मोठी गोष्ट आहे आणि ती तशी सांगितलीच पाहिजे. परंतु क्षमता म्हणजे संच पूर्ण जोराने चालला तर किती वीज देऊ शकेल ते, आणि निर्मिती म्हणजे वर्षभरात त्याने प्रत्यक्ष किती दिली ते. सौर प्रकल्प रात्री बंद असतो, ढगाळ दिवसांत मंदावतो, त्यामुळे वर्षाच्या हिशेबात तो क्षमतेच्या पाव हिश्शाइतकी किंवा त्याहून कमी वीज देतो; कोळशाचा संच रात्रंदिवस चालू ठेवता येतो. म्हणूनच जीवाश्म इंधनाशिवाय चालणारी क्षमता एकूण क्षमतेच्या निम्मी झाली तरी प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा ७० टक्क्यांच्या वरच आहे.

ही तफावत मिटवण्याच्या कामासाठी मराठीत एक उत्तम शब्द आधीपासून आहे, तो म्हणजे ‘उदंचन’. अकोले तालुक्यातील घाटघर येथे २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर एक जलाशय, खाली कोकणाच्या बाजूला दुसरा. वीज शिल्लक असते तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. पाणी चढवायला शंभर युनिट लागली तर साधारण पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात, पण दुपारचे ऊन संध्याकाळच्या दिव्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी ही घट सोसणे भाग आहे. ‘पंप्ड स्टोरेज’ असे लिहून मोकळे होऊ नका. ‘उदंचन’ लिहा आणि पुढे एका वाक्यात अर्थ द्या.

‘उत्सर्जन तीव्रता’ हा शब्दही असाच तपासून घ्या. ती एका रुपयाच्या उत्पादनामागचे उत्सर्जन मोजते, एकूण उत्सर्जन नव्हे. २००५ ते २०२० या काळात भारताची तीव्रता ३६ टक्क्यांनी घटली आणि एकूण उत्सर्जन मात्र वाढले. दोन्ही विधाने खरी आहेत.

दुसरा प्रतिसाद

सगळी वीज स्वच्छ झाली तरी काही उत्सर्जन राहणारच. त्याला ‘अटळ उत्सर्जन’ म्हणावे काय?

प्रतिसाद

‘अटळ’ म्हणू नये, ‘उर्वरित’ म्हणावे. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना, राजुरा परिसरातल्या सिमेंट भट्ट्यांचे उदाहरण घेऊ. चुनखडी तापवली की ती फुटून तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला निम्म्याहून अधिक भाग या दगडातून येतो. भट्टी कशावर तापवली याचा त्याच्याशी संबंध नाही. तरीही हा भाग कमी करता येतो. सिमेंटमध्ये औष्णिक केंद्रांतली राख आणि पोलाद कारखान्यांतली धातुमळी (स्लॅग) मिसळली की चुनखडी तितकी कमी लागते, आणि सुटलेला वायू धुराड्यापाशीच पकडण्याचे तंत्रही उपलब्ध आहे, जरी ते आज महाग असले तरी. भाताच्या खाचरात सतत पाणी उभे न ठेवता अधूनमधून जमीन सुकू दिली तर मिथेन बराच घटतो. ‘अटळ’ म्हटले की हे प्रयत्न करण्याआधीच सूट मिळते. ‘उर्वरित’ म्हटले की आधी सर्व उपाय झाले का, असे विचारता येते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. वाक्य असे केले आहे: ‘२०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन (नेट झिरो) गाठणे म्हणजे उत्सर्जन शक्य तितके घटवून, उर्वरित उत्सर्जनाची झाडे लावून भरपाई करणे.’

प्रतिसाद

पूर्वार्ध तसाच ठेवा. उत्तरार्धात ‘झाडे लावून भरपाई करणे’ याऐवजी ‘तितकेच वायू हवेतून काढून टिकाऊ स्वरूपात साठवणे’ असे करा. कोळशातला कर्ब कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला होता, आणि झाडात साठलेला कर्ब एका वणव्यात किंवा एका तोडीत परत हवेत जातो. झाडांचा उल्लेख स्वतंत्र वाक्यात, वने आणि माती यांच्या जोडीने करावा, आणि तिथे ‘लावणे’सोबत ‘जगवणे’ हे क्रियापद अवश्य असावे.