प्रतिसाद: भातखाचरातले शेवाळ आणि वाणाची निवड
उपयुक्त शेवाळ केवळ प्रयोगशाळेत जनुके बदलूनच मिळेल आणि त्यासाठी परदेशी वाणांवर अवलंबून राहावे लागेल, हे मत मला अर्धेच पटते. भातखाचरातील निळे-हिरवे शेवाळ (शास्त्रीय वर्गवारीत ते जिवाणू ठरते, पण शेतकरी त्याला शेवाळच म्हणणार) हवेतील नत्र स्थिर करते, म्हणजे पिकाला घेता येईल अशा रूपात आणते, हे शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी १९३९ मध्ये भारतातील खाचरांच्या अभ्यासातूनच दाखवून दिले होते.

आपल्या इगतपुरी-त्र्यंबकेश्वर पट्ट्यात भात होतो, त्यामुळे हा विषय नाशिककरांना परका नाही. लावणीनंतर साधारण आठवड्याने हेक्टरी १० किलो सुके शेवाळ-खत उभ्या पाण्यात विस्कटावे, अशी शिफारस असते. खरी अडचण वाणाची आहे. बाहेरून आणलेले वाण स्थानिक शेवाळापुढे अनेकदा टिकत नाही, पाण्यातील गोगलगायी आणि सूक्ष्म प्राणी ते खाऊन टाकतात, आणि युरिया पडला की अमोनिया आयता मिळू लागल्याने शेवाळ नत्र स्थिर करण्याचे काम जवळजवळ थांबवते. शिवाय या शेवाळात लैंगिक प्रजनन नसल्यामुळे द्राक्षासारखा परागसंकर शक्य नाही, म्हणून निवड आणि उत्परिवर्तन (जनुकांत होणारे बदल) यांवरच भर द्यावा लागतो. माझ्या मते घाटमाथ्यावरच्या खाचरांतूनच नमुने गोळा करून, युरिया दिलेल्या पाण्यातही नत्र स्थिर करत राहणारे वाण वेगळे काढणे आणि मगच उथळ वाफ्यांत त्यांची वाढ करणे, हा क्रम अधिक शहाणपणाचा आहे.