कामावर सायकलनं: पंजाबी ड्रेस चालेल की ते घट्ट कपडे घ्यावेच लागतील? (बजेट २,५००)

नवी_सायकल
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात फुलेवाडी ते शिरोली एमआयडीसी, एका बाजूनं साधारण ११ किमी. सायकल हायब्रिड (रोड आणि माउंटन सायकलच्या मधली), पुढं पॅडलपाशी तीन दातेरी चकत्या, चेनगार्ड नाही. आठवड्यातून चार दिवस जायचं ठरवलंय. कामावर पंजाबी ड्रेस लागतो. तिथं कपडे बदलता येतात, अंघोळीची सोय नाही. पुढं जमलं तर एखाद्या रविवारी पन्हाळा. हेल्मेट आहे. बाकी सगळं मिळून २,५०० रुपये. गल्लीतनं घट्ट शॉर्टवर जायची माझी तयारी नाही, हे आधीच सांगते. काय घ्यावं, काय टाळावं?

पन्हाळवेडा
ताई, थेट बिब शॉर्ट घ्या, म्हणजे खांद्यावर पट्ट्या आणि बसायच्या जागी आतनं पॅड असलेली घट्ट शॉर्ट. माझी ४,८०० ची आहे, तिसरं वर्ष चालू आहे आणि पॅड अजून चपटं झालेलं नाही. खांद्यावरच्या पट्ट्यांमुळं कमरेला इलॅस्टिक काचत नाही, वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही. वाघबीळच्या पुढं चढाला लागलं की माणूस सलग सीटवर बसून असतो, तिथं स्वस्त पॅडचा फरक कळतो. पॅड जाड असून उपयोग नाही, घट्ट फोमचं पाहिजे. अंगठ्यानं दाबून बघा. लगेच तळाला अंगठा टेकला तर अर्ध्या तासात तो फोम चपटा होणार.

चेनतेल
बजेट २,५०० लिहिलंय आणि पहिलाच सल्ला ४,८०० चा! शिवाय बिब घातल्यावर बाईमाणसाला वॉशरूमला जायचं तर वरचं सगळं उतरवावं लागतं. कामावर जायला ते सोयीचं नाही.

नवी_सायकल, पॅडच्या आधी ओढणीचं बघा. ओढणी सायकलवर घ्यायचीच नाही, बॅगेत ठेवायची. कमरेला बांधून घेतात बऱ्याच जणी, पण गाठीचं शेपूट सुटलं की ते मागच्या चाकात जातं, तिथनं ब्रेकपर्यंत गुंडाळतं आणि चाक जागेवर अडतं. कुर्त्याचा मागचा पदरही सीटखालनं लोंबतो. गुडघ्याच्या वर संपणारा, दोन्ही बाजूंना चिरा असलेला कुर्ता घाला आणि मागचा भाग अंगाखाली दाबून बसा.

दुसरं, उजवा पाय. चेन उजवीकडं असते, म्हणून उजवीच सलवार काळी होते. घोट्यापाशी वेल्क्रोची पट्टी बांधा, डावीकडं नसली तरी चालते. तीन चकत्यांच्या सायकलला बंद चेनकव्हर बसत नाही, कारण पुढचा डेरेलर (चेन एका चकतीवरनं दुसरीवर सरकवणारा भाग) आड येतो. मोठ्या चकतीच्या बाहेरनं प्लॅस्टिकची गोल कडी बसते, ती दुकानात मागा. बुटाची उजवी लेसही आत खोचायची, सुटली तर तीच चकतीत अडकते.

आणि तेल! चेनला भसाभस तेल सोडू नका. चेनच्या प्रत्येक रोलरवर (कड्यांमधल्या बारीक गोल नळीवर) एक थेंब, दोन-तीन मिनिटं पॅडल उलटं फिरवायचं, मग बाहेरचं सगळं कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. तेलाचं काम आत, बाहेर राहिलेलं फक्त धूळ धरतं आणि कपडे खराब करतं. डाग पडलाच तर पाणी लावायच्या आधी भांड्यांचं लिक्विड चोळून १० मिनिटं ठेवा.

तालमीतला_गडी
कशाला पॅड न् फिड. आत लंगोट, वर साधी शॉर्ट. आमच्याकडं जोर-बैठका मारणारी पोरं तसंच सायकल हाणतात. ताईंसाठी घट्ट सुती आतला कपडा, बस्स.

रंकाळा_फेरी
गडी भाऊ, मातीत घाम अंगावरनं निथळतो आणि माणूस एका जागी बसून नसतो. सायकलवर एकाच जागी तासाभरात हजारोंनी पॅडल फिरतं. ओलं सुती कापड आणि त्याची शिवण तेवढ्या वेळा कातडीवर घासते. म्हणूनच पॅडच्या आत काहीही घालायचं नसतं, नवे लोक इथंच चुकतात. पॅडला मधे शिवण नसते, आत दुसरा कपडा घातला की त्याची शिवण परत आली.

पॅडचा कपडा प्रत्येक वेळी धुवायचा. उलटा करून, गार पाण्यात, सौम्य साबणानं. कपडे मऊ करणारं लिक्विड नको, त्यानं घाम ओढून घ्यायची ताकद जाते. पिळायचा नाही. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा. म्हणजे दोन तरी लागतात.

तालमीतला_गडी
लंगोटाला मधे शिवण नसतीच. बघून या.

रंकाळा_फेरी
मधे नसेल, पण काठ असतो, आणि तो बरोबर जांघेत येतो. पुरळ तिथंच उठतं.

घाटवाट
धागा भरकटला. पॅड असलेली आतली शॉर्ट मिळते, जाळीदार कापडाची, वरनं सलवार-पँट काहीही घाला. हजार-बाराशेत बसते. गल्लीचा प्रश्न मिटला.

आता एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. फुलेवाडीहून शिरोलीला जाताना सकाळचं ऊन समोरनं येणार, आणि संध्याकाळी परत येताना मावळतीचं परत तोंडावरच. तुमच्या डोळ्यांवर ऊन तसंच मागनं येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांवर ऊन. त्याला तुम्ही फक्त काळी सावली दिसता. तेव्हा वर घालायचा कुर्ता भडक पाहिजे, आणि मागचा लाल दिवा भर दिवसा लुकलुकता ठेवायचा. फ्लुरोसंट पोपटी रंग दिवसा चमकतो, कारण तो उन्हातल्या अतिनील किरणांवर चालतो. रात्री तो साध्या पिवळ्यासारखा दिसतो. रात्री उपयोग चंदेरी परावर्तक पट्टीचा, आणि ती पाठीपेक्षा घोट्याला बांधा. पॅडलबरोबर वर-खाली होणारी पट्टी बघितली की हा सायकलवाला आहे हे ड्रायव्हरला लगेच कळतं. रात्रीच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळात पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीला) परावर्तक जाकीट घातल्याशिवाय जाऊ देत नाहीत, ते उगाच नाही.

चेनतेल म्हणतात ती वेल्क्रो पट्टी परावर्तक घेतली तर एका पट्टीत दोन कामं.

हंगाम सुरू झाला की ऊसाच्या ट्रॉल्या असतात. त्यांच्या मागं राहू नका, कांड्या पडतात. साधा पारदर्शक चष्मा घालाच. धूळ आणि संध्याकाळची चिलटं, दोन्हीला.

पन्हाळवेडा
जाळीच्या आतल्या शॉर्टमधलं पॅड हलतं. परत सांगतो, बिबच घ्या. एकदाच खर्च.

मंडईची_पिशवी
सीटच बदला की, कपडे कशाला. जेलचं कव्हर ३५० ला मिळतंय.

चेनतेल
जेल कव्हर नको. जेल बाजूला सरकतं आणि मधोमध उंचवटा येतो, म्हणजे जिथं दाब नको तिथंच दाब. शिवाय कव्हर सीटवर फिरतं. आधी सीटची उंची बघा: पॅडल तळाला असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. सीट उंच असेल तर कंबर डावी-उजवीकडं डोलते आणि कसलाही कपडा घातला तरी घासतं. बायकांची बसायची हाडं बऱ्याचदा एकमेकांपासून जास्त लांब असतात, म्हणून मागनं जरा रुंद सीट लागते. पण कपड्याआधी उंची.

शिवणघर
कपड्याचं मी सांगते. साध्या सलवारीत आणि जीन्समध्ये चारही शिवणी आसनात (दोन पायांच्या मधे) एका बिंदूवर येतात, आणि बसताना तोच बिंदू सीटवर टेकतो. जीन्सला तर तिथं कापडाचे बरेच थर येतात. उपाय जुना आहे. आसनाची शिवण उसवायची आणि तिथं शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा जोडायचा. बाजू ४ इंच, शिवणीसाठी अर्धा-अर्धा इंच जास्त. तुकडा उरेब (तिरका) कापा म्हणजे पाय वर गेला की ताणतो. शिवणी पुढं-मागं सरकतात, बसायच्या जागी नुसतं कापड राहतं. आतनं इंटरलॉकची (कापडाची कड बांधणाऱ्या शिलाईची) उभी धार ठेवू नका. शिवण एका बाजूला पाडून वरनं दुसरी टीप मारायला सांगा.

लेगिंगसारखं ताणाचं कापड असेल तर सरळ टीप नको, दुसऱ्या दिवशी तटतट तुटते. बारीक झिगझॅग आणि गोल टोकाची सुई. आत पातळ पॅडही शिवून घेता येतं.

घाटवाट
वरच्या मुद्द्याला अनुमोदन, पण पॅड शिवून घेऊ नका, तयार घ्या.

पावसाळ्याचं राहिलं. कामावर जायला घेरदार पोंचो (डोक्यातनं घालायचा सैल रेनकोट) नको, वाऱ्यानं फुगतो आणि खाली बघितलं की चाक दिसत नाही. पूर्ण बंद रेनकोटात आतनं घामानं भिजता. काखेत किंवा पाठीत वारा जायला जागा असलेलं जाकीट बघा. आणि दोन्ही मडगार्ड. मागच्या चाकाचं पाणी पाठीवर सरळ रेघ मारतं, रेनकोट असो वा नसो.

रंकाळा_फेरी
घाम: शेवटचा किलोमीटर हळू चालवा, पोचल्यावर १० मिनिटं बसा, मगच कपडे बदला. लगेच बदललं तर नवा कपडाही ओला होतो. बॅग पाठीवर नको, कॅरिअरला लावा.

नवी_सायकल
सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचलं सगळं.

मी पॅड घेत नाही. ११ किमी म्हणजे माझ्या वेगानं पाऊण तास. ताणाच्या सिंथेटिक कापडानं मला मांडीला पुरळ येतं, त्यामुळं लेगिंगही नको. घरातल्या दोन जुन्या सुती सलवारींना शिवणघर म्हणतात तसा तुकडा लावून घेते आणि वर आखूड कुर्ता. भिजला तर भिजला, पोचल्यावर बदलणारच आहे. कामाचे दोन ड्रेस तिथंच कपाटात ठेवीन. पैसे कॅरिअरची बॅग, मागचा दिवा, चकतीची कडी आणि दोन परावर्तक पट्ट्या यात घालते. पन्हाळा दिवाळीनंतर बघू.

पन्हाळवेडा
पन्हाळ्याला सुती सलवारीवर जाऊ नका एवढंच. चढाला दीड-दोन तास लागले तर ओलं कापड सोलून काढतं.

शिवणघर
तुकडा नव्या सुती कापडाचा लावणार असाल तर ते आधी पाण्यातनं काढून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो, जुनी सलवार आटत नाही, आणि आसनात चुण्या पडतात. एकीलाच आधी लावा, आठवडाभर चालवून बघा, मग दुसरी.