उत्तर: लोहगावला परतलेलं विमान
दिल्लीला निघालेलं विमान वॉर्निंग आल्यावर एक इंजिन बंद करून पुण्याच्या लोहगाव विमानतळावर परतलं, त्यावरच्या प्रश्नांना हे उत्तर. ‘एका इंजिनावर उडतं तर दिल्लीलाच न्यायचं ना, पुण्याला कशाला परत आणलं?’ या प्रश्नाला इतरांनी उत्तरं दिलीच आहेत. एक इंजिन बंद पडलं की तेवढी उंची टिकत नाही आणि हाताशी राखीव काही उरत नाही, म्हणून जवळचा विमानतळ. मला पटलं नाही ते ‘वॉर्निंग आल्यावर इंजिन बंद करायला इतका वेळ का लावला’ हे. घाई करायचीच नसते तिथे. एक वैमानिक विमान सांभाळतो, दुसरा चेकलिस्ट वाचतो, आणि त्या इंजिनाच्या लिव्हरवर हात ठेवून ‘हेच ना?’ असं विचारून जोडीदाराचा होकार आल्यावरच ती मागे ओढतो.

१९८९ मध्ये इंग्लंडात केगवर्थजवळ बोइंग ७३७ पडलं, ४७ माणसं गेली. बिघाड डाव्या इंजिनात, बंद केलं उजवं! वैमानिकाने उजव्या इंजिनात बिघाड झाल्याची घोषणाही केली. डावीकडच्या ज्वाळा पाहिलेले प्रवासी बुचकळ्यात पडले, पण कॉकपिटपर्यंत ते कुणी पोचवलंच नाही. तेव्हा खिडकीतून असलं काही दिसलं तर व्हिडिओ नंतर काढा, आधी केबिन क्रूला सांगा.