मदत हवी आहे: आईबाबांच्या स्टिम्युलसचं पत्र आलं, पैसे कुठायत?

कढीपत्ता, जून २०२०

मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय, कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा. आम्ही न्यू जर्सीत. कोरोनामुळे सरकार लोकांना जी एकरकमी मदत (स्टिम्युलस) देतंय, त्यातले आमचे स्वतःचे पैसे एप्रिलमध्येच खात्यात आले, दोघांचे २४०० आणि लेकाचे ५००, त्यातून जॉइंट उत्पन्न दीड लाखाच्या वर गेलं म्हणून वरच्या दर १०० डॉलरमागे ५ कापून, पण ते जाऊ दे. प्रश्न आईबाबांचा आहे. दोघं ग्रीन कार्डवर, आमच्यापासून दहा मिनिटांवर वेगळे राहतात. बाबा गेल्या वर्षी एका ग्रोसरीत काउंटरवर पार्टटाइम होते, वर्षाचे जेमतेम नऊ हजार डॉलर, त्यामुळे रिटर्न भरायची गरज नव्हती आणि भरलंही नाही. आम्ही आमच्या रिटर्नमध्ये त्यांना डिपेंडंट (आमच्यावर अवलंबून) दाखवत नाही, दोघांकडे एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) आहे. म्हणून एप्रिलमध्ये आयआरएसच्या (टॅक्स खात्याच्या) साइटवर ते नॉन-फायलर्सचं (रिटर्न न भरणाऱ्यांचं) पान सुरू झाल्या झाल्या मी त्यांची माहिती भरून टाकली. फक्त बँकेचा नंबर नाही भरला, कारण बाबा शेजारी ठाण मांडून बसले होते आणि "ऑनलाइन कोणालाही नंबर द्यायचा नाही". म्हटलं बरं, चेक येईल घरी.

तेव्हापासून आयआरएसच्या गेट माय पेमेंटवर (पैसे कुठवर आले ते दाखवणारं पान) रोज तेच, स्टेटस उपलब्ध नाही. आणि परवा चक्क ट्रम्पच्या सहीचं पत्र आलं, तुम्हाला २४०० डॉलर पाठवलेत म्हणून! बाबांनी ते फ्रिजवर लावलंय आणि रोज फोन, "सही आली, पैसे कुठायत?" चेक कोणी ढापला असेल का? परत नॉन-फायलर्स भरू का?

जुना_एडिसनकर:
परत काही भरू नका, उगाच गुंता होईल. ते पत्र १४४४ नंबरचं, पैसे पाठवल्यावर साधारण पंधरा दिवसांत येतं, म्हणजे तिकडून सुटलेत नक्की. नाहीच सापडले तर फॉर्म ३९११ भरून ट्रेस (पैशांचा शोध) लावता येतो. आणि ताई, एक विचारतो, राग मानू नका, बाबांचं भारतात भाडं, व्याज काही येतं का? ग्रीन कार्डवाल्यांना तेही धरावं लागतं. २०१९चं दोघांचं सगळं मिळून जॉइंट २४,४०० डॉलरच्या आत असेल तर रिटर्नची चिंता नाही. तिकडच्या खात्यांत सगळी मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेले असतील तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती द्यायचा फॉर्म) वेगळा, तो मात्र विसरू नका.

कढीपत्ता:
साताऱ्यात एक गाळा आहे, पण त्याचं भाडं म्हणजे चहापाणी. एफबारचं खरंच माहीत नव्हतं, आज विचारते बाबांना.

फुकटचा_सल्ला:
तुमचं नशीब चांगलं आहे हो. मी एच१ वर (नोकरीचा व्हिसा), बायको एच४ (जोडीदाराचा), तिचा आयटीआयएन (एसएसएन नसणाऱ्यांचा टॅक्स नंबर). जॉइंट भरलं म्हणून दोघांना भोपळा. मुलगी इथे जन्मलेली, तिचा एसएसएन आहे तरी तिचे ५०० पण नाहीत. टॅक्स मात्र पै न् पै भरलाय. असो, धाग्याचा विषय नाही, सॉरी.

दोडका:
@कढीपत्ता, मे महिन्यात एखादं साधं पांढरं पाकीट आलं होतं का? वर सरकारचं नाव नाही, मनी नेटवर्क कार्डहोल्डर सर्व्हिसेस असं असतं. आत व्हिसाचं डेबिट कार्ड, मागे मेटाबँक. जवळपास चाळीस लाख लोकांना चेकऐवजी हेच पाठवलंय. आमच्या शेजाऱ्यांनी जाहिरात समजून फेकलं, मग कचऱ्याच्या डब्यात उतरून शोधलं.

कढीपत्ता:
दोडका, अहो काय सांगू! आत्ता बाबांना फोन केला. म्हणे, "ते क्रेडिट कार्डवाले? मी त्याचे कात्रीने चार तुकडे केले, तूच सांगितलं होतंस ना फ्रॉड असतात." पाकीट मात्र आईने ठेवलंय, पाठीमागे तूरडाळ, हिंग, पोहे अशी यादी लिहून. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवला, अगदी तेच नाव!! आता काय करू?

दोडका:
हाहा, पैसे कुठे जात नाहीत. कार्डाच्या कस्टमर सर्व्हिसला फोन करून हरवलं म्हणून सांगा, पहिल्यांदा नवीन कार्डाची फी घेत नाहीत. कार्ड चालू करताना एसएसएनचे शेवटचे आकडे विचारतील, तेव्हा बाबांना दुसऱ्या खोलीत बसवा. मग सगळी रक्कम बँकेत ट्रान्सफर होते, फुकट.

कढीपत्ता, जुलै २०२०:
नवीन कार्ड आलं, पैसे बाबांच्या खात्यात जमा. एसएसएनचे आकडे मीच दाबले, ते गॅलरीत होते. सगळ्यांचे आभार, दोडका तुम्हाला आईच्या हातची पुरणपोळी लागू.

जुना_एडिसनकर, जानेवारी २०२१:
धागा वर काढतोय. @फुकटचा_सल्ला, २७ डिसेंबरला सही झालेल्या कायद्यात आयटीआयएनवाली अट ढिली केली, तीही मागच्या तारखेपासून. ज्याच्याकडे एसएसएन आहे त्याचे १२०० आणि मुलीचे ५०० मिळू शकतात, शिवाय त्याच कायद्यातल्या दुसऱ्या हप्त्याचे ६००-६०० वेगळे. पहिल्या हप्त्याचे आपोआप नाही यायचे, २०२० चं रिटर्न भरताना १०४० फॉर्मवर ३० नंबरच्या ओळीत रिकव्हरी रिबेट क्रेडिट (न मिळालेली मदत) मागायचं. उत्पन्नाची मर्यादा तशीच आहे. बायकोचे नाहीत अजूनही.

फुकटचा_सल्ला:
काय सांगता! साहेब, टॅक्सवाल्याला आत्ता मेसेज टाकतो.

कढीपत्ता:
आमच्याकडे बाबा आता एकही पांढरं पाकीट फेकत नाहीत. इन्शुरन्सच्या जाहिरातींनी अख्खा ड्रॉवर भरलाय, रविवारी जाऊन मी एकेक उघडते.